सोलापुरात राहून स्वतंत्र घड्याळकारांची घड्याळं कशी जमवावीत

रोलेक्स वर्षाला साधारण दहा लाख घड्याळं बनवते, असा अंदाज आहे. आइल ऑफ मॅन बेटावर रॉजर स्मिथ यांच्या छोट्या कार्यशाळेतून वर्षभरात वीस घड्याळंही बाहेर पडत नाहीत. हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या घड्याळांविषयी आहे: चावीची किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी), बॅटरी नसलेली, एखाद्या माणसाच्या किंवा मोजक्या माणसांच्या हातून उतरलेली. आणि तो आपल्या भागातल्या नवख्यांसाठी आहे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट इथे राहून हा छंद धरायचा असेल तर काय आधी करावं आणि काय नंतर, एवढंच सांगायचं आहे.

मोठ्या शहरातला संग्राहक आधी घड्याळाच्या प्रेमात पडतो, मग पैसे जमवतो, घड्याळ घेतो आणि सर्व्हिसिंगचा विचार चार-पाच वर्षांनी करतो. त्याचं निभावतं, कारण त्याच्या शहरात निदान विचारायला तरी कोणी असतं. आपल्याकडे अशा घड्याळांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नाही. म्हणून आपला क्रम उलटा: आधी डोळा तयार करायचा, मग हे घड्याळ दहा वर्षांनी कोण उघडणार ते ठरवायचं. मग घड्याळकार निवडायचा आणि सगळ्यात शेवटी पैसे मोजायचे. या क्रमाने गेलात तर इथे बसूनही उत्तम संग्रह होतो. माझं तर मत असं, की दूर असल्यामुळे आपण जास्त विचार करून घेतो आणि संग्रह जास्त चांगला होतो.

या जगात कोण कोण आहे

स्विस घड्याळांची बरीच मोठी नावं आज दोन-तीन उद्योगसमूहांकडे आहेत. ओमेगा, लाँजीन आणि ब्रेगे स्वॉच ग्रुपकडे, कार्तिए आणि आयडब्ल्यूसी रिशमाँकडे, झेनिथ आणि टॅग हॉयर एलव्हीएमएचकडे. या समूहांच्या बाहेर राहून, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मर्जीने घड्याळ करणारा तो स्वतंत्र घड्याळकार. तसं पाहिलं तर रोलेक्स एका न्यासाच्या मालकीची आहे आणि पाटेक फिलिप एका कुटुंबाच्या, म्हणजे त्याही समूहाबाहेरच. पण संग्राहक स्वतंत्र म्हणतात तेव्हा त्यांना छोटी कार्यशाळा अभिप्रेत असते.

१९७०च्या दशकात क्वार्ट्‌झची स्वस्त घड्याळं आली आणि स्वित्झर्लंडमधले कारखाने धडाधड बंद पडले. यांत्रिक घड्याळ आता संपलं, असंच सगळे धरून चालले होते. त्या पडत्या काळात, १९८५ साली, स्वेन्ड अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेझे यांनी स्वतंत्र घड्याळकारांची एक अकादमी उभी केली. आज ज्यांची नावं आदराने घेतली जातात त्यातले कितीतरी जण तिथूनच लोकांपुढे आले.

नवख्याने यांची तीन थरांत विभागणी करावी.

पहिल्या थरात टेबलावर स्वतः बसणारा माणूस. स्वित्झर्लंडच्या व्हाली द जू खोऱ्यातले फिलिप दुफूर यांचं २००० साली आलेलं सिम्प्लिसिटी हे नावाप्रमाणे साधं घड्याळ: तास, मिनिटं, छोटा सेकंदकाटा, बाकी काही नाही. पण ते उलटं करून पाहिलं की जाणकार गप्प होतात. जॉर्ज डॅनियल्स यांनी को-ॲक्सियल एस्केपमेंट (एस्केपमेंट म्हणजे चावीची ताकद ठोक्याठोक्याने सोडणारी रचना) शोधली, ती १९९९ पासून ओमेगाने आपल्या घड्याळांत वापरली. त्यांचेच शिष्य रॉजर स्मिथ. या थरातली घड्याळं पैसे असूनही सहज मिळत नाहीत.

दुसऱ्या थरात छोट्या कार्यशाळा. मार्सेयला जन्मलेले एफ. पी. जूर्न यांनी १९९९ मध्ये जिनिव्हात आपला ब्रँड सुरू केला. २००४ पासून त्यांच्या घड्याळांच्या आतली मशीनं १८ कॅरट गुलाबी सोन्यात बनतात. कारी व्हुटिलाइनेन मूळचे फिनलंडचे, काम स्वित्झर्लंडमध्ये. रेजेप रेजेपी कोसोव्होतून लहानपणी जिनिव्हाला आले, पंधराव्या वर्षी पाटेक फिलिपमध्ये शिकाऊ म्हणून लागले आणि २०१२ मध्ये त्यांनी आक्रिव्हिया काढली. हॉलंडचे ग्रोनेफेल्ड बंधू, ऑस्ट्रियाचं हाब्रिंग दांपत्य हेही याच थरातले. एमबी अँड एफ काढणारे मॅक्सिमिलियन ब्युसर यांची आई भारतीय आहे. आपल्याकडच्या संग्राहकांना त्यांच्याविषयी थोडी जास्त आपुलकी आहे, त्याचं एक कारण कदाचित हेही असावं.

तिसऱ्या थरात स्वतःची कल्पना आणि रेखाटन, पण मशीन तयार विकत घेतलेलं. जपानचे हाजिमे असाओका स्वतःच्या नावाने फार महाग घड्याळं करतात, आणि २०१९ पासून कुरोनो या नावाने मियोटा मशीनवरची परवडणारी. मलेशियातून सुरू झालेली मिंग, फ्रान्सची बाल्टिक, आपल्याकडची बंगलोर वॉच कंपनी आणि जयपूर वॉच कंपनी यांनाही इथेच धरा. काही शुद्धतावादी या थराला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. सोलापुरातल्या माणसासाठी पहिलं घड्याळ याच थरातलं असावं, असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण दुरुस्तीच्या पायरीत येईल.

पहिली पायरी: एक एचएमटी घ्या

लाखांच्या गोष्टी करण्याआधी हजार-दोन हजारांचं चावीचं एचएमटी घ्या. जनता, कोहिनूर, सोना, कुठलंही. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने उभा राहिला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. पण घड्याळं अजून घरोघरी आहेत. आजोबांचं कपाटात पडून असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही.

ऑनलाइन घेत असाल तर एक सांभाळा. गर्द निळ्या, भगव्या, पोपटी डायलची चकचकीत एचएमटी दिसतात, ती बहुतेक मुंबईकडे डायल पुन्हा रंगवून विकायला काढलेली असतात. अक्षरं जाड-बारीक, मिनिटांच्या रेघा काट्याशी न जुळणाऱ्या, काटे एका मॉडेलचे आणि केस (बाहेरचं कवच) दुसऱ्याची. शिकायला ती चालतील, संग्रहाला नाही. थोडं पिवळट पडलेलं, पण मूळ डायल केव्हाही चांगलं.

मग दोन महिने रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्या आणि मोबाइलच्या वेळेशी ताडून किती सेकंद पुढे-मागे गेलं ते वहीत टिपा. रात्री एकदा डायल वर करून ठेवा, दुसऱ्या रात्री चावीची बाजू खाली करून. फरक पडतो. गुरुत्वाकर्षणाचा बॅलन्सवर, म्हणजे ठोका ठरवणाऱ्या चाकावर, होणारा परिणाम वाचून कळत नाही तो इथे आठवड्यात कळतो. आणि हे कळलं की १८०१ मध्ये ब्रेगे या घड्याळकाराने टूरबियाँचं (बॅलन्स फिरत्या पिंजऱ्यात बसवून हा परिणाम भागवणाऱ्या रचनेचं) पेटंट का घेतलं, हेही आपोआप कळतं.

दोन महिन्यांनी ते घड्याळ सर्व्हिसिंगला न्या आणि ते उघडताना समोर बसा. जुन्या पेठांमध्ये चावीची घड्याळं दुरुस्त करणारे आता कमी झालेत, पण आहेत. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी दुकान निवांत असताना जा आणि सरळ म्हणा, "अण्णा, मला शिकायचंय, मशीन उघडताना बघू का?" सहसा नाही म्हणत नाहीत, उलट खुर्ची पुढे सरकवतात.

पाठचं झाकण निघालं की सगळ्यात आधी नजर जाते ती गरगर मागे-पुढे फिरणाऱ्या बॅलन्स चाकावर. जुन्या एचएमटीत त्याचे सेकंदाला पाच ठोके पडतात, तासाला १८,००० होतात. डोळ्याला आयग्लास लावून बघा: चाकाच्या मध्यावर केसाहून बारीक हेअरस्प्रिंग श्वास घेतल्यासारखी मिटते आणि उमलते. अण्णा चिमट्याने बॅलन्स उचलतात तेव्हा ती स्प्रिंग खाली लोंबते आणि आपला जीव टांगणीला लागतो, त्यांचा हात मात्र हलत नाही. चाकाच्या दांड्याचं टोक, जे ज्वेलमध्ये (छोट्या खड्याच्या छिद्रात) फिरतं, ते सुईच्या अग्रापेक्षा बारीक. जुनं ऑइल ज्वेलभोवती तपकिरी, चिकट कडं होऊन बसलेलं दिसतं. धुऊन, पुसून, सुईच्या टोकावरून थेंबाचाही अंश म्हणावा इतकं ऑइल देऊन, दोन फेरे चावी दिली की चाक एकदम उसळी मारून चालू होतं. पुढे तुम्ही कितीही महागडं घड्याळ घेतलंत तरी आत असतं ते हेच: चावीने गुंडाळली जाणारी कमान, चाकांची साखळी, एस्केपमेंट, बॅलन्स. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला जाहिरात सहजासहजी फसवू शकत नाही.

दुसरी पायरी: डोळा तयार करा

दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग घ्या. सराफाकडचं चालतं.

चाटी गल्लीत चादर घ्यायला गेलेला सोलापुरी माणूस आधी ती उलटवतो आणि मागची वीण बघतो. स्वतंत्र घड्याळकाराचं घड्याळही तसंच आधी उलटं धरायचं. पाठीमागे काचेतून मशीन दिसतं. त्यातल्या पट्ट्यांना ब्रिज म्हणतात. ब्रिजची कड ४५ अंशांत घासून आरशासारखी चकचकीत केलेली असते. कारखान्यातल्या यंत्रावरही अशी कड काढता येते, म्हणून कड बघून थांबू नका, कोपरे बघा. जिथे दोन कडा आतल्या बाजूला मिळतात, तिथे फिरणाऱ्या कटरला टोकदार कोपरा काढता येत नाही, तो गोलसर राहतो. कोपरा धारदार असेल तर तिथे कानस घेऊन माणूस बसला होता हे नक्की. दुफूर यांच्या घड्याळाचे फोटो मोठे करून लोक तासन्‌तास काय बघत बसतात, तर हे कोपरे.

दुसरी खूण काळ्या पॉलिशची. पोलादी भाग कथलाच्या पत्र्यावर बारीक पेस्ट लावून हाताने घासत राहतात, इतका सपाट होईपर्यंत की एका कोनातून तो पांढरा लखलखतो आणि जरा तिरपा केला की पूर्ण काळा दिसतो. मधली करडी छटा दिसली तर काम अर्धवट आहे. स्क्रूची डोकी बघा, खाचेची कड कुरतडलेली असेल तर कोणीतरी आधी उघडून बिघडवलेलं आहे. जुनं घड्याळ घेताना ही एक खूण पुष्कळ पैसे वाचवते.

पण फिनिशिंग म्हणजेच सगळं, असं मानू नका. हाब्रिंगचं फेलिक्स घ्या. त्याचं मशीन व्हाल्जू ७७५० या स्विस मशीनच्या रचनेवरून पुढे नेलेलं, दणकट, आणि वर्षानुवर्षं दुरुस्त करता येईल असं. लुडविग ओक्सलिन यांच्या ओक्स उंड युनिअरमध्ये अलंकार जवळजवळ नाहीच, पण कॅलेंडरसारखी अवघड गोष्ट मोजक्या भागांत बसवण्याची बुद्धी आहे. एकाला कानशीची करामत भावते, दुसऱ्याला डोक्याची. तुमचा ओढा कुठे आहे हे ओळखायला वर्ष लागलं तरी लागू द्या.

प्रत्यक्ष हातात घेऊन बघायला पुणे-मुंबई गाठावी लागते. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं आणि मुंबईसाठी सिद्धेश्वर आहे, २०२३ पासून वंदे भारतही. ईथॉससारख्या मोठ्या विक्रेत्यांकडे काही स्वतंत्र घड्याळकारांचा माल असतो. जाण्याआधी फोन करून काय प्रत्यक्ष दुकानात आहे ते विचारा आणि भेटीची वेळ ठरवा. घ्यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. घड्याळ मनगटावर चढवा, पट्टा लावा, हात टेबलावर ठेवून लिहून बघा. ४२ मिलिमीटरचं घड्याळ फोटोत शोभतं आणि आपल्या मनगटावर ताटलीसारखं दिसतं, हे तिथे गेल्याशिवाय समजत नाही. मधल्या उंचीच्या माणसाला ३६ ते ३९ पुरतं.

तिसरी पायरी: दुरुस्ती कोण करणार

कुठल्याही घड्याळाबद्दल पहिला प्रश्न: मशीन कोणाचं? ईटीए २८२४, सेलिटा एसडब्ल्यू२००, मियोटा ९०१५ यांपैकी असेल तर पुण्या-मुंबईत ते उघडणारे, सुटे भाग मागवणारे हात आहेत. घड्याळकार उद्या दुकान बंद करून गेला तरी मशीन जिवंत राहतं. तिसऱ्या थरापासून सुरुवात करा म्हणतो ते याचसाठी.

मशीन घड्याळकाराचं स्वतःचं असेल तर ते त्याच्याकडेच पाठवावं लागणार, हे गृहीत धरा. त्यातला धनुष्यासारखा छोटा लीव्हर तुटला तर जगात तो दुसरीकडे कुठेही मिळत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी घड्याळकाराला पत्र लिहून विचारा: सर्व्हिसिंग किती वर्षांनी, आजच्या दराने खर्च किती, किती महिने घड्याळ तुमच्याकडे राहील, भारतातून येणं-जाणं कोण बघेल, सुटे भाग किती वर्षांसाठी करून ठेवलेत, आणि तुमच्यानंतर हे काम कोणाला येतं? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचारा. चांगला घड्याळकार त्यावर रागावत नाही, शिकाऊ मुलांची नावं सांगतो, आराखडे कुठे जपून ठेवलेत ते सांगतो. ज्याचं उत्तर गोलमोल येतं त्याचं घड्याळ कितीही देखणं असो, मी तरी सोलापुरात बसून घेणार नाही.

दुरुस्तीसाठी परदेशी पाठवताना निर्यातीची कागदपत्रं नीट करून घ्या. घड्याळाचा क्रमांक, फोटो, मूळ आयातीची पावती, दुरुस्तीसाठी जात असल्याची नोंद, सगळं हवं. साध्या पार्सलने पाठवलंत तर परत येताना कस्टम्सवाले ते नवं समजून पूर्ण किमतीवर शुल्क लावू शकतात, आणि मग भांडत बसावं लागतं.

एक छोटं यंत्र संग्रही असू द्या: टाइमग्राफर. त्यावर घड्याळ ठेवलं की ते ठोके ऐकून तीन आकडे देतं. पहिला रोजचा फरक. अचूकतेच्या क्रोनोमीटर प्रमाणपत्राची स्विस मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे, ती नजरेसमोर ठेवा. दुसरा ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंश फिरतो: पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर असताना, २७० ते ३१० म्हणजे तब्येत ठणठणीत. तिसरा बीट एरर, म्हणजे बॅलन्सच्या दोन बाजूंच्या झोक्यांतला वेळेचा फरक, तो जितका शून्याजवळ तितकं बरं. दर तीन महिन्यांनी हे आकडे टिपत गेलात की ॲम्प्लिट्यूड हळूहळू खाली येताना दिसतो, आणि ऑइल वाळत चाललंय हे घड्याळ बंद पडण्याआधी कळतं. घड्याळ सेकंदावर चालतंय म्हणून ते निरोगी आहे, असं नसतं.

चौथी पायरी: ऑर्डर आणि वाट पाहणं

नावाजलेल्या कितीतरी घड्याळकारांच्या याद्या भरलेल्या आहेत, काहींनी नवी नावं घेणंच बंद केलंय. तिथे डोकं आपटण्यात अर्थ नाही. ज्याचं नाव अजून फार झालेलं नाही अशा माणसाचं काम शोधा. जिनिव्हात दरवर्षी घड्याळांचे पुरस्कार दिले जातात. विजेते सगळे बघतात, तुम्ही अंतिम फेरीपर्यंत आलेल्यांची यादी बघा. रेजेपी यांना २०१८ मध्ये पुरुषांच्या घड्याळासाठीचा पुरस्कार मिळाला, तोपर्यंत त्यांचं नाव मोजक्या लोकांना माहीत होतं.

घड्याळकाराला लिहिताना चार ओळी पुरतात: तुम्ही कोण, कुठे राहता, त्याच्या कोणत्या कामातलं काय आवडलं आणि घड्याळ रोज घालणार की नाही. "उद्या याची किंमत वाढेल का" हे कधीही विचारू नका. ही माणसं आपलं काम कोणाच्या हातात जातंय याकडे बारकाईने बघतात. आपण विणकरांच्या गावचे आहोत, आपल्याकडे जकार्ड मागावर चादरी निघतात, हे लिहिलंत तरी चालेल. हाताने काम करणाऱ्याला हाताने काम करणाऱ्यांच्या गावाबद्दल कुतूहल असतं.

आगाऊ रक्कम द्यावी लागते. ही रीत जुनी आहे: ब्रेगेने अठराव्या शतकाच्या अखेरीस एक काट्याची घड्याळं अशीच विकली, पाव किंमत आधी घेऊन. जूर्न यांनीही पहिली २० टूरबियाँ घड्याळं अशाच वर्गणीवर दिली. पण पैसे पाठवण्याआधी लेखी घ्या: घड्याळ कधी मिळणार, उशीर झाला तर काय, रद्द केलं तर किती परत, किंमत कोणत्या चलनात पक्की. दोन वर्षांत रुपया घसरला तर तो फरक तुमच्या खिशातून जातो, तेवढी तरतूद वेगळी ठेवा. आणि एकाच वेळी दोन घड्याळकारांकडे आगाऊ रकमा अडकवू नका. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

पाचवी पायरी: कर आणि कागद

परदेशातून मागवलेल्या घड्याळावर शुल्क फक्त घड्याळाच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतं. त्यात सीमाशुल्क, त्या शुल्कावर सामाजिक कल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). मूळ सीमाशुल्क २० टक्के आणि अधिभार त्याच्या १० टक्के धरला तर दहा लाखांचं घड्याळ घरी येईपर्यंत १४ लाख ४० हजारांच्या जवळ जातं. दर बदलत असतात, म्हणून ऑर्डरच्या वेळी चालू दर कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडून लेखी मागवा.

स्वित्झर्लंडच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. भारत आणि ईएफटीए देशांचा व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत जातं. त्या सवलतीसाठी माल स्विस असल्याचा पुरावा घड्याळकाराने बिलासोबत द्यावा लागतो, तो आधीच मागून ठेवा. हा करार स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन एवढ्यांशीच आहे. ऑस्ट्रियाचं हाब्रिंग किंवा जपानचं कुरोनो त्यात येत नाही.

देशात घेताना: दोन लाखांच्या वर खरेदीला पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रोख घेणं विकणाऱ्याला कायद्याने मना आहे. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच कापला जाणारा आयकर) घेतो. तो तुमच्या आयकरात वळता होतो, म्हणून बिल तुमच्या सीएकडे वेळेवर पोचवा. "बिनबिलाचं घ्या, स्वस्त पडेल" म्हणणारे भेटतात. बिन कागदाचं घड्याळ ना दुरुस्तीला पाठवता येतं, ना विमा उतरवता येतो, ना पुढे विकता येतं. नाही म्हणून उठा.

वापरलेलं घेणार असाल तर

लिलावात हातोडा पडतो त्या आकड्यावर पंचवीस टक्क्यांहून अधिक खरेदीदाराची दलाली चढते, आणि त्यावर आयात. २०२० मध्ये दुफूर यांच्या सिम्प्लिसिटीच्या वर्धापन आवृत्तीतलं एक घड्याळ जिनिव्हात तेरा लाख फ्रँकच्या वर गेलं. असे आकडे वाचून गुंतवणूक म्हणून या छंदात येऊ नका. २०२१-२२ मध्ये भाव वर गेले तेव्हा आलेले पुष्कळ जण नंतर उतरत्या भावात अडकले. घेण्याआधी घड्याळाचा क्रमांक घड्याळकाराला कळवा आणि विचारा: हे तुमचंच का, चोरीची नोंद आहे का, शेवटचं सर्व्हिसिंग कधी? छोट्या कार्यशाळेत ही माहिती वहीत असते आणि उत्तर सहसा मिळतं. मोठ्या कंपनीपेक्षा इथे हा फायदा आहे.

सोलापूरची हवा आणि घड्याळ

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो. चामड्याचा पट्टा घामाने दोन महिन्यांत वास मारतो आणि फाटतो. उन्हाळ्यात कापडी किंवा रबरी पट्टा लावा, चामडं दिवाळीनंतर. गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ कधीही ठेवू नका.

तुमचा यंत्रमागाचा कारखाना असेल तर शेडमध्ये चांगलं घड्याळ घालून जाऊ नका. तिथे तीन शत्रू एकत्र असतात: मोटारींचं चुंबकीय क्षेत्र, मागाचे सततचे हादरे आणि हवेत उडणारं कापसाचं फुलकं. फुलकं चावीच्या बाजूने आत शिरतं. हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला मिनिटांनी पुढे पळतं. लोक घाबरून घड्याळ उघडायला देतात. आधी साधं होकायंत्र जवळ धरून बघा. सुई हलली तर चुंबकत्व उतरवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, काही सेकंदांत काम होतं. मोबाइलची चुंबकाची कव्हरं आणि स्पीकर यांच्यापासूनही लांब ठेवा.

'३० मीटर' लिहिलेलं घड्याळ हात धुताना उडालेल्या पाण्यापुरतं आहे, पोहायला नाही. बहुतेक स्वतंत्र घड्याळकारांची नाजूक घड्याळं याच वर्गातली. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत, लग्नाच्या वरातीत एचएमटी घाला.

बँकेच्या लॉकरबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. आग, चोरी किंवा बँकेच्या माणसाच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतीच असते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. त्याहून मोलाचं घड्याळ आत असेल तर विमा वेगळा हवा. घराच्या विम्यात घड्याळाचं नाव, क्रमांक आणि किंमत लिहून घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी किंमत सुधारा. लॉकरमध्ये सिलिका जेलची पुडी टाका. पावसाळ्यात तिथे दमट असतं.

संग्रह वाढवताना

दोन घड्याळांत निदान वर्षाचं अंतर ठेवा. नवं घड्याळ सहा महिने रोज घाला. ते कंटाळवाणं वाटू लागलं तर तुम्ही घड्याळकाराच्या प्रसिद्धीवर भाळला होतात, आणि दिवसेंदिवस जास्त आवडत गेलं तर त्याच माणसाचं दुसरं काम शोधा. पाच वेगवेगळ्या माणसांची पाच घड्याळं असण्यापेक्षा एकाच माणसाची सुरुवातीची आणि नंतरची अशी दोन असणं मला जास्त मोलाचं वाटतं. त्याचा हात कसा बदलत गेला ते त्यात दिसतं. आणि पहिल्या तीन घड्याळांत टूरबियाँ नको, मिनिट रिपीटर (ठोके वाजवून वेळ सांगणारं) नको, परपेच्युअल कॅलेंडर (लीप वर्षही सांभाळणारं) नको. काट्यांची साधी घड्याळं घ्या. तीच दुरुस्त होतात, तीच रोज घालता येतात आणि त्यांच्यातच घड्याळकाराला काही लपवता येत नाही.

गावात दोन-चार जण तरी असा छंद असलेले निघतात, डॉक्टर, कापडाचे व्यापारी, इंजिनीअर. त्यांना शोधा, महिन्यातून एकदा भेटा, घड्याळं एकमेकांच्या हातात द्या. कोणाकडे काय आहे ते बाहेर बोलायचं नाही आणि घराच्या पत्त्यासह फोटो कुठे टाकायचा नाही, हा नियम पहिल्याच भेटीत ठरवा.

प्रत्येक घड्याळाची स्वतंत्र फाइल करा: घड्याळकाराचा पत्ता आणि घड्याळाचा क्रमांक, बिल, सीमाशुल्काची पावती, विम्याची प्रत, पत्रव्यवहार, सर्व्हिसिंगच्या तारखा आणि टाइमग्राफरचे आकडे. फाइल कुठे आहे ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, आणि चावी किती फेरे द्यायची, हाताला कुठे अडलं की थांबायचं, तेही त्याच्याकडून करवून घ्या.